हाताने घडणारा ॲम्प्लिफायर

सोलापूरच्या शुक्रवार पेठेसारख्या जुन्या, दाट वस्तीत मे महिन्याच्या दुपारी पारा चाळीस अंशांच्या वर सहज जातो. संगीताच्या जाणकारांसाठी ॲम्प्लिफायर, म्हणजे शास्त्रीय परिभाषेतील विवर्धक, हाताने बांधावयाचा झाल्यास कारागिराला पहिला हिशेब या उन्हाचा करावा लागतो. परदेशी आराखडे बहुधा २५ अंशांची खोली गृहीत धरतात. यंत्रातील ट्रान्झिस्टर ३० वॅट उष्णता बाहेर टाकत असतील आणि त्यांना जोडलेला ॲल्युमिनियमचा हीटसिंक दर वॅटमागे एक अंशाने तापत असेल, तर अशा खोलीत तो ५५ अंशांवर स्थिरावतो. सोलापुरात ४२ अंश असताना तोच ७२ अंशांवर जाईल. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य तापमानाच्या दर दहा अंश वाढीमागे साधारण निम्मे होते, असा या व्यवसायातील ठोकताळा आहे. तेव्हा त्या उष्णतेच्या शेजारी बसविलेला, एरवी दहा वर्षे टिकणारा भाग येथे सुमारे तीन वर्षांत निकामी होऊ शकतो. मोठा हीटसिंक, हवेला मोकळी वाट आणि कपॅसिटर उष्णतेपासून दूर, ही रचना स्थानिक कारागिरालाच सुचावयाची.

या यंत्राचे कार्य समजण्यास कठीण नाही. ध्वनिमुद्रिकेच्या खाचेतून फिरणारी सुई जेमतेम पाच मिलिव्होल्ट विद्युत्‌दाब निर्माण करते. प्रीॲम्प्लिफायर तो सुमारे एक व्होल्टपर्यंत नेतो. शिवाय ध्वनिमुद्रिका कोरताना मंद्र स्वर मुद्दाम दाबलेले व तार स्वर उठविलेले असतात. १९५४ च्या सुमारास रूढ झालेल्या प्रमाणानुसार हा फेरफार उलटा फिरविणे हेही त्याचेच काम. पुढे मुख्य ॲम्प्लिफायर आठ ओहमच्या स्पीकरला २० व्होल्ट देऊ लागला की त्याची शक्ती ५० वॅट होते.

मात्र आवाज वाढविणे सोपे, तो न बिघडविता वाढविणे अवघड. या प्रश्नाचे उत्तर बेल प्रयोगशाळेतील अभियंता हॅरॉल्ड ब्लॅक यांना २ ऑगस्ट १९२७ रोजी कामावर जाताना नावेत सुचले आणि त्यांनी ते हातातील वर्तमानपत्राच्या पानावरच टिपून ठेवले. बाहेर पडणाऱ्या संकेताचा अल्पसा भाग उलटा करून आत परत पाठविला, तर वाढ कमी होते. परंतु विकृतीही त्याच प्रमाणात घटते. १९४७ मध्ये इंग्लंडमधील विल्यमसन यांनी याच तत्त्वावरील आराखडा मासिकातून प्रसिद्ध केला आणि जगभरच्या हौशी कारागिरांनी तो घरी बांधला. आपल्याकडे १९५४ साली स्थापन झालेल्या बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने पुढे व्हॉल्व्ह व ट्रान्झिस्टर तयार करण्यास आरंभ केल्यावर देशी सुटे भाग हाती येऊ लागले.

बांधणीत सर्वाधिक कौशल्य ट्रान्सफॉर्मरमध्ये व तारांच्या मांडणीत असते. यंत्रमागाच्या गावात मोटारींचे वाइंडिंग करणारे हात असतात. त्यांना ट्रान्सफॉर्मर परका नाही. २५ व्होल्टचे वेटोळे एकदिश झाल्यावर ३५ व्होल्ट देते. परंतु घरचा दाब २३० ऐवजी २५० झाला की तेच ३८ होतात. म्हणून ३५ व्होल्टचा कपॅसिटर येथे चालत नाही, ५० किंवा ६३ व्होल्टचा घालावा लागतो. बचतीच्या मोहात कपॅसिटर फुटतात ते इथेच. ट्रान्सफॉर्मर प्रीॲम्प्लिफायरपासून लांब ठेवणे आणि भूमीच्या सर्व तारा एकाच बिंदूवर आणणे, एवढे न पाळल्यास कितीही किमती भाग घातले तरी स्पीकरमधून घरघर येत राहते.

तयार यंत्र थेट विजेवर लावले जात नाही. प्रथम शंभर वॅटचा जुन्या पद्धतीचा बल्ब सिरीजमध्ये जोडतात. बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर ठीक. प्रखर जळत राहिला तर आत कोठेतरी शॉर्ट आहे. त्यानंतर, स्पीकर जोडण्यापूर्वी, त्याच्या टोकांवर एकदिश दाब ५० मिलिव्होल्टपेक्षा कमी आहे ना, हे मीटरने पाहिले जाते.

या कारागिराच्या अडचणी निराळ्या आहेत. २एन३०५५ सारख्या नामांकित ट्रान्झिस्टरच्या नकला बाजारात फार; टोपी कापून पाहिली तर आत चिमुकला तुकडा निघतो. आयते, स्वस्त तयार बोर्ड आल्याने साधे ग्राहक तिकडे वळले. आणि शासकीय योजनांच्या चौकटीत हा माणूस मधेच अडकतो. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतार, लोहार, कुंभार आदी अठरा पारंपरिक व्यवसाय आहेत. त्यांत इलेक्ट्रॉनिक कारागिरी नाही. मिरजेच्या सतार व तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन लाभले, परंतु तोच तानपुरा सभागृहात शुद्ध ऐकविणाऱ्या यंत्राच्या कर्त्याला असे नाव मिळण्याचा मार्ग दिसत नाही. तूर्त उद्यम नोंदणी हाच त्याच्यासाठी सरळ रस्ता होय. ती निःशुल्क आहे.

शाळा व ग्रामपंचायतींचा येथे प्रत्यक्ष संबंध येतो. सभेचा संच बंद पडला की तो बहुधा अडगळीत जातो, वस्तुतः दोष एखाद्या कपॅसिटरचा असतो. नवा संच घेताना विद्युत्‌मंडलाचा नकाशा व भागांची यादी लेखी मागावी. हाताने बांधणारा कारागीर ती देऊ शकतो, आणि दहा वर्षांनी दुसरा कोणीही त्यावरून दुरुस्ती करू शकतो. तीन तारांची केबल, अर्थिंग व योग्य फ्यूज यांविना संच स्वीकारू नये. वर्गात यंत्र उघडून दाखवावयाचे झाल्यास शिक्षकांनी ध्यानी ठेवावे की व्हॉल्व्हच्या संचात वीज काढल्यानंतरही कपॅसिटरमध्ये तीनशे-चारशे व्होल्ट टिकून राहू शकतात. समांतर जोडलेला रोधक तो भार काही वेळाने रिता करतो. तरीही मीटरने शून्य पाहिल्याखेरीज आत हात घालू नये.