मंजुरीची बातमी आणि पाड्यापर्यंतचा रस्ता

महिना उलटला की आमदाराचा कार्यअहवाल फोनवर येतो. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवरही आता तो वाचला जातो. ‘अमुक पाड्याच्या रस्त्यासाठी इतके लाख मंजूर’ अशी ओळ, खाली नारळ फोडतानाचे छायाचित्र. दुसऱ्या दिवशी एसटीत आणि बाजारात लोक एकमेकांना सांगू लागतात, ‘आपला रस्ता झाला.’

नाही झाला. हे वारंवार सांगावे लागते, कारण कार्यअहवालाबद्दलचा हा सगळ्यात मोठा गैरसमज आहे आणि त्याची किंमत गाव मोजते. रस्ता झालाच आहे अशी समजूत असली की पाठपुरावा थांबतो.

मंजुरी ही सुरुवात असते. आमदार काम सुचवतो. मग अंदाजपत्रक, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा आणि शेवटी कार्यारंभ आदेश. यातल्या कोणत्याही पायरीवर काम महिनोन्‌महिने अडकू शकते. ‘बजेटला लागलं’ म्हणजेही पैसे आले असे नव्हे. बांधकाम खात्याच्या पांढऱ्या पुस्तकात काम आले तरी पहिल्या वर्षाची तरतूद पूर्ण किमतीच्या लहानशा भागाएवढीच असू शकते. कार्यारंभ आदेशानंतरही खात्री नसते. 2025 मध्ये राज्यभरातले कंत्राटदार थकीत देयकांसाठी रस्त्यावर उतरले होते.

जव्हार-मोखाड्यात आणखी एक अडसर आहे, तो जंगलाचा. पाड्याची वाट वनजमिनीतून जात असेल तर वन विभागाच्या परवानगीशिवाय काम पुढे सरकत नाही. पण ‘फॉरेस्टवाले अडवतात’ एवढे म्हणून हात झटकणेही चूक आहे. वनहक्क कायदा, 2006 च्या कलम 3(2) मध्ये रस्ता, शाळा, अंगणवाडी, पिण्याचे पाणी अशा 13 सुविधांसाठी सोय आहे. प्रत्येक सुविधेला एक हेक्टरपेक्षा कमी जमीन लागत असेल आणि हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडे पडणार नसतील, तर ती जमीन मिळू शकते. शिवाय ग्रामसभेच्या शिफारशीचा ठराव हवा. आमदाराच्या अहवालात रस्त्याची रक्कम असते, पण हा ठराव झाला की नाही हे क्वचितच असते. खरे तर गावाने पहिल्यांदा विचारावी अशी गोष्ट हीच.

हा काथ्याकूट कशासाठी? ऑगस्ट 2022 मध्ये मोखाडा तालुक्यातल्या बोटोशी ग्रामपंचायतीच्या मरकटवाडीत घरीच जन्मलेली जुळी बाळे दगावली आणि त्यांच्या आईला डोलीत घालून न्यावे लागले, कारण पाड्याला रस्ता नव्हता. त्याआधी तीस वर्षे, 1992-93 मध्ये, जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीची बालमृत्यूंमुळे राज्यभर चर्चा झाली. कुपोषणाने शंभरावर मुले गेल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या. इतके सोसलेल्या भागात कागदावरच्या रस्त्याला रस्ता म्हणणे परवडत नाही.

‘आमदार निधी म्हणजे आमदाराचे पैसे’ हेही तितकेच चुकीचे. 2022 पासून हा निधी वर्षाला पाच कोटी आहे. तो सरकारचा, म्हणजे लोकांचा पैसा आहे. आमदाराच्या खात्यात त्यातला रुपयाही जमा होत नाही. तो काम सुचवतो, मान्यता जिल्हाधिकारी देतात.

‘नळजोडणी दिली म्हणजे पाणी आले’ असेही नाही. जलजीवन मिशनचा निकष माणशी रोज 55 लिटरचा आहे, नुसत्या तोटीचा नाही. मुंबईला पाणी देणारे मध्य वैतरणा धरण मोखाडा तालुक्यात असूनही इथल्या पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, हे साऱ्या जिल्ह्याला ठाऊक आहे.

‘गावातली सगळी कामे आमदारच करतो’ ही समजूत ग्रामपंचायतीवर अन्याय करते. जव्हार आणि मोखाडा अनुसूचित क्षेत्रात असल्याने तिथे पेसा कायदा, 1996 लागू आहे. पेसाचा अबंध निधी थेट ग्रामपंचायतीला मिळतो, आणि निधीच्या विनियोगाचा दाखला पंचायतीला ग्रामसभेकडूनच घ्यावा लागतो.

अहवाल काढण्याचे कायदेशीर बंधन आमदारावर नाही. म्हणून जो दरमहा काढतो, त्याचे मनापासून स्वागतच. पण ज्या कामासाठी विधानसभेत पाठवले, तेच त्यात शोधावे लागते. तारांकित प्रश्न किती विचारले, लक्षवेधी कोणती लागली, विधेयकावर काय बोलले, आदिवासी विकासाच्या मागण्यांवर चर्चा झाली तेव्हा सभागृहात होते का? विक्रमगड हा अनुसूचित जमातींसाठी राखीव मतदारसंघ आहे. जव्हार-मोखाड्याचा आवाज विधानसभेत पोचतो तो याच एका जागेवरून. त्यामुळे हे प्रश्न इथे नारळ फोडण्याच्या छायाचित्रापेक्षा कितीतरी महत्त्वाचे आहेत.

26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर हे ग्रामसभांचे ठरलेले दिवस. पुढच्या ग्रामसभेला अहवालातले एक काम निवडून जा. त्याच्या कार्यारंभ आदेशाची तारीख विचारा आणि मिळालेले उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. उत्तर मिळाले नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा. 30 दिवसांत उत्तर देणे कार्यालयावर बंधनकारक आहे.