इज्जतुल्लाह इंतेजामी : गोठ्यातला नट

१९२४ साली तेहरानात जन्मलेल्या आणि जर्मनीत नाट्यशिक्षण घेऊन मायदेशीच्या रंगभूमीवर परतलेल्या इंतेजामींचे सामर्थ्य जगाला प्रथम उमगले, ते दारियुश मेहरजुई यांच्या १९६९ च्या ‘गाय’ या चित्रपटात. आपली एकुलती एक गाय दगावल्याची वार्ता ग्रामस्थांनी दडवली असता, जो मश हसन गोठ्यातच मुक्काम करून वैरण चघळू लागतो आणि अखेर स्वतःलाच ती गाय मानतो, त्याची ती विस्फारलेली, शून्य दृष्टी पाहताना हा अभिनय आहे, याचे भान मला तरी राहत नाही. १९७१ साली शिकागोच्या महोत्सवाने त्यांना उत्कृष्ट अभिनेत्याचे पारितोषिक बहाल केले. पुढे ‘हाजी वॉशिंग्टन’मध्ये, अमेरिकेला रवाना झालेल्या एकाकी इराणी राजदूताची भूमिकाही त्यांनी तितक्याच तन्मयतेने वठविली. २०१८ साली ते निवर्तले.