घरगुती साहाय्य (जर्मनी)

घरगुती साहाय्य (जर्मन: हाउसहाल्ट्सहिल्फे) ही जर्मनीतील वैधानिक आरोग्य विम्याअंतर्गत मिळणारी तात्पुरती सेवा आहे. घर सांभाळणारी व्यक्ती आजारपणामुळे ते सांभाळू शकत नसल्यास स्वयंपाक, साफसफाई, खरेदी, कपडे धुणे व मुलांचा सांभाळ ही कामे मदतनीस करतात. मुलांकडे पाहणारे कोणी नाही म्हणून आई किंवा वडिलांचे उपचार अडू नयेत, हा तिचा उद्देश आहे.

पात्रता
सामाजिक संहितेच्या पाचव्या खंडातील कलम ३८ नुसार, विमाधारक रुग्णालयात असताना घरात १२ वर्षांखालील अथवा मदतीवर अवलंबून असलेले अपंग मूल असल्यास हा हक्क मिळतो. घरातील अन्य सदस्य काम सांभाळू शकत असल्यास तो लागू होत नाही. २०१६ पासून गंभीर आजारात किंवा शस्त्रक्रियेनंतर मूल नसलेल्यांनाही कमाल ४ आठवडे साहाय्य मिळते. असे मूल असल्यास ही मुदत २६ आठवड्यांपर्यंत वाढते. गरोदरपण व प्रसूतीसाठी स्वतंत्र तरतूद आहे.

खर्च
विमाधारकास दैनिक खर्चाचा १० टक्के, किमान ५ व कमाल १० युरो, वाटा द्यावा लागतो. प्रसूतीच्या प्रसंगी तो माफ असतो. विमा संस्थेस मदतनीस पुरवता न आल्यास स्वतः नेमलेल्या मदतनिसाचा वाजवी खर्च परत मिळतो. आजी-आजोबांसारख्या जवळच्या नातेवाइकांच्या कामाचा मोबदला मिळत नाही. मात्र त्यांचा प्रवासखर्च व बुडालेले वेतन भरून देता येते.

मदतनीस
या कामासाठी 'फामिलियेनफ्लेगर' (कुटुंब-परिचारक) हा प्रशिक्षित व्यवसाय आहे. त्यात गृहव्यवस्था, शुश्रूषा व बालसंगोपन यांचे शिक्षण दिले जाते. मुलांचा नेहमीचा दिनक्रम टिकवणे हा या कामाचा महत्त्वाचा भाग असतो.