नव्या माशाचा सव्वा महिना

चार वर्षांपूर्वीच्या मार्च महिन्यात, एडिसनमधल्या आमच्या घराच्या तळघरात नऊ दिवसांत सात मासे मेले. साडेचारशे लिटरची ती टँक तेव्हा तीन वर्षांची होती. मृदू प्रवाळ, थोडे दगडी प्रवाळ, कोळंबीची एक जोडी आणि माझ्या मुलीने शाळेत असताना निवडलेले दोन क्लाउनफिश. त्यांत मी एक पावडर ब्लू टँग आणून सोडला. हा मासा हिंदी महासागरातला, मालदीव, श्रीलंकेकडचा. आकाशी निळे अंग, पाठीवर लिंबासारखा पिवळा पर. आपल्या बाजूचा म्हणून मला त्याचे जरा जास्तच कौतुक होते. पाचव्या दिवशी त्याच्या अंगावर रवा शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके दिसले. आठव्या दिवशी ते नाहीसे झाले आणि मी निर्धास्त झाले. पंधराव्या दिवशी पहिला क्लाउनफिश गेला.

ठिपके नाहीसे झाले ते मासा बरा झाला म्हणून नव्हे, एवढे समजायला मला माशांपेक्षा त्यांच्या परजीवींविषयीच अधिक वाचावे लागले. रोगाचे कारण एकपेशीय जीव आहे. जपानमध्ये सिकामा यांनी १९३७ साली त्याचे वर्णन केले आणि १९५१ मध्ये ई. एम. ब्राउन यांनी त्याला ‘क्रिप्टोकॅरियॉन इरिटन्स’ हे नाव दिले. (मरीन ड्राइव्हवरचे तारापोरवाला मत्स्यालयही १९५१चेच. लहानपणी तिथल्या काचेला नाक लावून उभी राहिले, त्याचे फळ हे तळघर.) हा जीव माशाच्या कातडीत आणि कल्ल्यांत शिरतो आणि तीन ते सात दिवस तिथे खाऊन वाढतो. आपल्याला दिसणारा ठिपका तो हाच. पोट भरले की तो मासा सोडतो, वाळूवर किंवा दगडावर उतरतो आणि स्वतःभोवती कवच करून आत विभागत राहतो. एका कवचातून दोनशेच्या आसपास नवे जीव बाहेर पडू शकतात. बहुतेक कवचे तीन ते अठ्ठावीस दिवसांत फुटतात. पण ७२ दिवसांनी फुटल्याचीही नोंद आहे. बाहेर पडलेल्या जिवाला दिवस-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर तो मरतो. पहिल्या काही तासांत त्याची घुसण्याची ताकद सर्वांत जास्त असते, आणि कवचे फुटतात ती प्रामुख्याने अंधारात, पहाटेकडे. मासे त्या वेळी खडकांच्या कपारीत, तळाशी, जवळजवळ हालचाल न करता झोपलेले असतात.

खुल्या समुद्रात त्या दोनशे जिवांपैकी फारच थोड्यांना मासा भेटतो. पाण्याचा विस्तार हाच तिथला वैद्य. काचेच्या पेटीत मात्र प्रत्येकाला मासा हाताशी असतो, म्हणून एका फेरीत पाच ठिपके तर पुढच्या फेरीत पाचशे. कल्ले भरले की मासा गुदमरून मरतो; अंगावरचे ठिपके मोजत बसणारा माणूस भलतीकडेच पाहत असतो.

मग प्रवाळ असलेल्या टँकमध्येच औषध का घालत नाहीत? कारण खात्रीचे औषध तांबे आहे, आणि तांब्याने कोळंबी, गोगलगायी, प्रवाळ सगळे मरतात. शिवाय चुनखडीचे दगड तांबे शोषून घेतात, त्यामुळे पाण्यातले प्रमाण स्थिर राहत नाही. तांबे मारते तेही फक्त पाण्यात पोहणाऱ्या अवस्थेला. कातडीखालच्याला नाही, कवचातल्याला नाही. म्हणून आयनिक तांब्याचे प्रमाण लिटरमागे ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम राखून किमान तीन आठवडे थांबावे लागते. खाली गेले तर उपयोग नाही, वर गेले तर मासाच दगावतो. हे सगळे वेगळ्या, उघड्या तळाच्या टँकमध्येच जमते. दुसरा मार्ग औषधाशिवायचा आहे. इस्रायलमध्ये एलातला काम करणाऱ्या आंजेलो कोलोर्नी यांनी १९८०च्या दशकात दाखवले की दर तीन दिवसांनी मासा स्वच्छ, कोरड्या केलेल्या टँकमध्ये हलवला, असे चार वेळा केले, तर परजीवी मागे राहतो. कवच फुटण्याआधीच मासा तिथून निघालेला असतो. मला ही युक्ती फार आवडते. पण ‘व्हेल्वेट’ नावाचा, अंगावर सोनेरी धूळ बसल्यासारखा दिसणारा दुसरा रोग तिला दाद देत नाही, आणि तो दोन दिवसांतही टँक रिकामी करतो.

विलगीकरण नको म्हणणारे मूर्ख नाहीत. त्यांचे म्हणणे असे की परजीवी कधी ना कधी घरात येणारच. मासा चांगला खाऊपिऊ घातलेला, निवांत असेल तर तो तोंड देतो. यात तथ्य आहे. रोगातून वाचलेल्या माशांना काही महिने प्रतिकारशक्ती राहते, असे प्रयोगांत दिसले आहे. दूरच्या प्रवासाने आधीच अर्धमेला झालेला मासा चाळीस लिटरच्या उघड्या डब्यात, प्लास्टिकच्या नळीमागे लपून बसतो. त्या डब्यात अमोनिया पचवणारे जीवाणू नसतील तर तो स्वतःच्याच मुताने भाजून मरतो, हेही खरे.

मराठी माणसाच्या कानाला तर ‘क्वारंटीन’ शब्द १८९७च्या पुण्यातल्या प्लेगपासून कडूच लागतो. रोगापेक्षा बंदोबस्ताची भीती मोठी, हे आपण घराघरांतून ऐकलेले आहे. मार्चच्या त्या प्रकारानंतर मीही तशीच बंदोबस्ती झाले. सरसकट प्रत्येक माशाला तीस दिवस तांबे. त्यात एक मँडरिन ड्रॅगोनेट आणला. या माशाच्या अंगावर जाड बुळबुळीत थर असतो आणि ठिपक्यांचा रोग त्याला क्वचितच होतो. पण तो खडकांवर फिरणारे बारीक कोपेपॉड टिपून खातो. माझ्या स्वच्छ डब्यात खडक नव्हता, कोपेपॉड नव्हते. बाविसाव्या दिवशी तो उपाशी मेला. रोगमुक्त होता.

आता मी सरसकट काही करत नाही. टँग आला तर तांबे, वादच नाही. वाळूत झोपणारा रास आला तर डब्यात वाळूचे एक भांडे ठेवते. वाळू थोडेफार तांबे खाते, म्हणून रोज मोजते. मँडरिनला औषध नाही. बिनमाशांच्या, खडक घातलेल्या टँकमध्ये एकटा ठेवून पाहत राहायचे. प्रवाळाच्या तुकड्यावर, गोगलगाईच्या शंखावरही कवचे चिकटून येतात, म्हणून तेही मासे नसलेल्या पेटीत ७६ दिवस: नोंदीतले ७२ आणि धास्तीचे चार. छोट्या फिल्टरचा स्पंज मोठ्या टँकच्या पाण्यात महिनाभर आधी बुडवून ठेवते, म्हणजे जीवाणू तयार असतात. खर्च म्हणाल तर या सगळ्या सामानाचा एका चांगल्या टँगच्या किमतीपेक्षा कमी. खरा खर्च जागेचा आणि धीराचा.

आईला सांगलीला फोनवर हे सगळे सांगितले, तर ती म्हणाली, “अगं, मग ही बाळंतिणीचीच खोली की. सव्वा महिना का?” मी म्हटले, साधारण तितकाच. व्हेनिसवाल्यांचे चाळीस दिवस आणि आईचा सव्वा महिना यांचा हिशेब एकमेकांच्या इतका जवळ कसा आला, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.

सध्या कपडे धुण्याच्या खोलीत पुन्हा एक पावडर ब्लू टँग आहे. आज अकरावा दिवस. तांबे ०.१८. काल संध्याकाळी त्याने पहिल्यांदाच नोरीचा तुकडा ओढून खाल्ला. उद्या पहाटे पाचला मी विजेरी घेऊन खाली जाणार आहे, दिवे लागायच्या आत त्याचे कल्ले मिनिटाला किती वेळा हलतात ते मोजायला.