बंद जीप ओढताना जीव टांगणीला लावू नका!

शेतकरी बंधूंनो, हे चित्र तुम्हीही पाहिलं असेल. बाजारचा दिवस, तिन्हीसांजेची वेळ. रस्त्याने एक बोलेरो चाललेली असते आणि तिच्या मागे दहा-पंधरा पावलांवर जुनी बंद जीप. मध्ये विहिरीवरचा जुना नाडा. जीपला दिवा नाही, आत पाच-सहा माणसं. आडवाटेने आलेल्या मोटारसायकलवाल्याला वाटतं, दोन गाड्या वेगवेगळ्या आहेत. तो मधल्या मोकळ्या जागेतून निघतो आणि दोरात अडकतो. पुढचं सांगायला नको.

गाडी बंद पडणं आपल्या हातात नाही. ती नीट ओढून नेणं मात्र आहे.

कायदा काय सांगतो?

बंद पडलेली गाडी जवळच्या गॅरेजपर्यंत ओढून नेता येते. पण मागच्या गाडीच्या स्टेअरिंगवर लायसन असलेला माणूस हवाच. पोराला बसवून चालणार नाही. दोन गाड्यांमधलं अंतर पाच मीटरपेक्षा जास्त नसावं आणि दोर लांबून दिसला पाहिजे. म्हणून दोराला मधोमध लाल फडकं बांधा. मागच्या गाडीच्या पाठीवर 'ऑन टो' अशी ठळक पाटी लावा. वेग ताशी 20 किलोमीटरच्या वर नेऊ नका. वेग दुप्पट झाला की गाडी थांबायला चौपट अंतर लागतं.

दोर की दांडी?

दोर फक्त ओढतो, थांबवत नाही. पुढच्याने ब्रेक मारला की मागची गाडी येऊन आदळते. म्हणून दोर ताणलेला ठेवणं आणि वेळेवर ब्रेक लावणं हे मागच्या माणसाचं काम. ढिला दोर एकदम ताणला गेला तर मोठा हिसका बसून तुटतो आणि चाबकासारखा उलटतो. सुरुवात हळू करा, दोरावर ओलं पोतं टाका आणि बघ्यांना लांब उभं करा. गाठी मारून जोडलेला दोर वापरू नका, गाठीपाशी ताकद कमी होते. दोर बंपरला बांधू नका. चॅसीच्या हुकालाच बांधा.

लांब जायचं असेल तर लोखंडी टो बार बरा. तो दोन्ही गाड्यांच्या चॅसीला नीट बसलेला असावा. अंदाजाने वेल्डिंग केलेल्या पाइपवर भरवसा नको. बारखाली दोन साखळ्या फुलीसारख्या आडव्या लावा. बार तुटला तरी त्या त्याला झेलतात. ओढणारी गाडी मागच्या गाडीपेक्षा वजनदार हवी. आणि बार लावून रिव्हर्स घेऊ नका, मागच्या गाडीची पुढची चाकं भलतीकडेच वळतात.

जीपची तयारी

किल्ली फिरवून स्टेअरिंगचं लॉक सोडा. हँडब्रेक सुटला का ते बघा. इंजिन बंद असलं की सर्वो असलेला ब्रेक दोन-तीनदा दाबल्यावर दगडासारखा घट्ट होतो. पॉवर स्टेअरिंगही जड होतं. मागच्या माणसाला हे आधी सांगा. निघाल्यावर पहिल्या शंभर मीटरमध्येच त्याला ब्रेक तपासू द्या.

फोर व्हीलच्या जीपमध्ये ट्रान्स्फर केसचा दांडा न्यूट्रलला घेतात. पुढच्या चाकांना हब असतील तर ते मोकळे करतात. तुमच्या गाडीची रीत कंपनीच्या पुस्तकात पाहा, सगळ्यांची एक नसते. दांडा न्यूट्रलला असताना गाडी गिअरमध्ये टाकली तरी जागेवर थांबत नाही, हे विसरू नका. आधी चाकाला दगड, मग दांडा.

साध्या टू व्हील गाडीत गिअर न्यूट्रल ठेवूनही चाकं गिअरबॉक्सचा मागचा शाफ्ट फिरवत राहतात. इंजिन बंद म्हणून वंगण नीट पोचत नाही. दूर जायचं असेल तर मेकॅनिककडून प्रोपेलर शाफ्ट काढून घ्या. काही जुन्या जीपचा हँडब्रेक शाफ्टवरच असतो. शाफ्ट काढला की तोही गेला. तिथेही दगड लागतोच.

वाटेत

मागच्या गाडीत चालकाशिवाय कुणी बसू नये. हॉर्नच्या खुणा आधी ठरवा: एक वाजला की थांबायचं, दोन वाजले की निघायचं. पाच-सहा किलोमीटरवर थांबून दोर आणि बोल्ट पाहा. घाट उतरायचा असेल तर दोराने ओढूच नका, क्रेन बोलवा. राष्ट्रीय महामार्गावर 1033 ला फोन केला की मदत मिळते. अंधार पडला असेल तर गाडी रस्त्याच्या खाली घ्या आणि सकाळी ओढा.

सरपंच आणि पोलीस पाटलांना एक विनंती. गावात एक चांगला दोर, दोन डी-शॅकल, एक 'ऑन टो' पाटी आणि लाल रिफ्लेक्टर ग्रामपंचायतीत ठेवा. खर्च फार नाही. गावातल्या कुणाच्या तरी घरचा माणूस त्यामुळे रात्री सुखरूप घरी पोचेल.