दखल वेळीच घ्यावी

२०२५ साली महाराष्ट्राच्या मैदानावरील आणि रुपेरी पडद्यावरील काही नामवंत माणसे आपल्यातून गेली. १९ फेब्रुवारीस मिलिंद रेगे निवर्तले. पंधरवडा उलटतो न उलटतो तोच, ३ मार्चला पद्माकर शिवलकर गेले. आणि ४ ऑक्टोबर रोजी अभिनेत्री संध्या यांनी इहलोकीचा निरोप घेतला. अशा वेळी ‘कधीही भरून न येणारी पोकळी’ हा शब्दप्रयोग आम्हां वृत्तपत्रवाल्यांच्या हाताशी तयारच असतो. तो बाजूस ठेवून या मंडळींनी केले काय, हे आठवणे अधिक उचित होय.

शिवलकरांनी प्रथम श्रेणीच्या १२४ सामन्यांत ५८९ बळी मिळविले. १९७२-७३ च्या रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात, चेपॉकच्या मैदानावर, त्यांनी तामिळनाडूचे पहिल्या डावात १६ धावांत ८ आणि दुसऱ्या डावात १८ धावांत ५ गडी बाद केले. तरीही कसोटी सामना त्यांच्या वाट्यास आला नाही. त्याच काळी बिशनसिंग बेदी डावखुरी फिरकी टाकीत होते आणि संघात जागा एकच होती! पण म्हणून शिवलकरांनी चेंडू खाली ठेवला नाही. प्रथम श्रेणीचा शेवटचा सामना ते खेळले तेव्हा त्यांचे वय ४७ होते. क्रिकेट नियामक मंडळाने त्यांना सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार दिला तो २०१७ साली, त्यांच्या वयाच्या ७७ व्या वर्षी. मुंबईचे माजी कर्णधार रेगे यांची जिद्दही याच जातीची. ऐन सव्विशीत हृदयविकाराचा झटका येऊनही ते पुन्हा मैदानात उतरले.

संध्याबाईंची गोष्ट थोडी निराळी. ‘झनक झनक पायल बाजे’साठी त्यांनी गोपीकृष्णांकडे नृत्याचे धडे घेतले. १९५५ साली गाजलेले ते परिश्रम आणि १९७२ चा ‘पिंजरा’ आजची तरुण पिढीही पडद्यावर पाहू शकते. शिवलकरांची गोलंदाजी मात्र तिला कोठे पाहावयास मिळणार? त्या काळचे रणजी सामने दूरचित्रवाणीवर दिसत नसत. उरले आहेत ते धावफलकांतील आकडे आणि पाहणाऱ्यांच्या आठवणी. आणि ते पाहणारेही आता वृद्ध झाले आहेत.

शोकसभा अवश्य व्हाव्यात. परंतु त्यांहून निकडीचे एक काम आहे. जुने खेळाडू, पंच, प्रशिक्षक व प्रेक्षक यांच्या आठवणी क्रिकेट संघटनांनी आणि क्लबांनी त्यांच्याच तोंडून ध्वनिमुद्रित करून ठेवाव्यात. घरातील आजोबांनी शिवलकरांना पाहिले असेल, तर नातवंडांनी त्यांना आजच विचारावे. या कामास फार मोठा निधी लागत नाही. लागते ती थोडी आस्था, आणि तीही वेळेवर.