वेळेपूर्वी उघडलेले अंडे : आतील पिलाची स्थिती आणि शुश्रूषा

कोंबडीचे अंडे एकवीस दिवसांत उबते, ही गोष्ट खेड्यातील लहान मुलासही ठाऊक असते. विसाव्या दिवसाच्या सुमारास अंड्यातून क्षीण चिवचिव ऐकू येऊ लागते, कवचावर एखादा बारीक तडा उमटतो, आणि त्यानंतर तासन्‌तास काहीच घडत नाही. पाहणाऱ्याचा धीर सुटतो तो नेमका याच वेळी. पिलू आत अडकले असावे, गुदमरत असावे, अशी शंका मनात येते. मग नखाने किंवा चिमट्याने कवचाचा एक तुकडा दूर केला जातो, पाठोपाठ दुसरा; आणि आतील पांढऱ्या पापुद्र्यावर एकाएकी रक्ताचा थेंब दिसतो. उबवणी यंत्रावर काम करणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी आणि घरगुती कुक्कुटपालन करणाऱ्यांपैकी पुष्कळांच्या हातून हा प्रमाद केव्हा ना केव्हा घडतो. तो दयेपोटी घडतो, आणि म्हणूनच त्याचा विचार बारकाईने केला पाहिजे. अंडे वेळेपूर्वी उघडल्याने नेमके काय बिघडते आणि उघडल्यावर पिलास वाचविण्याचे उपाय कोणते, हे थोडक्यात सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

अंड्यातील श्वसन

अंड्याचे कवच वरकरणी निरेख दिसत असले तरी त्यास सुमारे दहा हजार सूक्ष्म छिद्रे असतात. या छिद्रांवाटे प्राणवायू आत जातो. कार्बन डाय-ऑक्साइड आणि पाण्याची वाफ बाहेर पडते. हर्मान रान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ साली या विषयावर लिहिलेल्या सुप्रसिद्ध लेखात दिलेला हिशेब उद्बोधक आहे. साठ ग्रॅम वजनाचे अंडे उबवणीच्या एकवीस दिवसांत सुमारे सहा लिटर प्राणवायू घेते आणि साडेचार लिटर कार्बन डाय-ऑक्साइड व अकरा लिटर वाफ बाहेर टाकते. वाफेच्या रूपाने पाणी गेल्यामुळे अंड्याच्या बोथट टोकाकडील हवेची पोकळी दिवसेंदिवस मोठी होत जाते. या पोकळीचे महत्त्व अखेरच्या दोन दिवसांत कळून येते.

या सर्व काळात पिलाची फुप्फुसे निष्क्रिय असतात. श्वसनाचे काम एक रक्तवाहिनीमय पटल करते. जरायू आणि अपरापोषिका ही दोन गर्भावरणे एकमेकांस चिकटून हे पटल तयार होते, आणि साधारणतः बाराव्या दिवसापर्यंत ते कवचाच्या आतल्या बाजूस अस्तरासारखे सर्वत्र पसरते. पिलाचे बरेचसे रक्त कोणत्याही क्षणी या पटलातून खेळत असते. कवचातील चुनाही याच मार्गाने पिलाच्या हाडांस मिळतो. कवचाखालचा पापुद्रा फाडणारे बोट याच पटलाला जखम करते. बाहेरून ती जखम क्षुल्लक दिसते. पिलाच्या दृष्टीने मात्र फुप्फुस आणि एखादी मोठी रक्तवाहिनी एकाच वेळी कापली जावी, असा तो प्रकार असतो.

अखेरचे तास

एकोणिसाव्या-विसाव्या दिवशी तीन घडामोडी जवळजवळ एकाच सुमारास होतात. पहिली अशी, की उजव्या पंखाखाली डोके ठेवून बसलेले पिलू आपल्या चोचीने हवेच्या पोकळीचा पडदा भेदते आणि प्रथमच फुप्फुसांनी श्वास घेऊ लागते. दुसरी, पोटाबाहेर असलेला बलकाचा कोश हळूहळू नाभीवाटे पोटात ओढला जातो. या बलकावर पिलू जन्मानंतरचे दोन-तीन दिवस अन्नावाचून काढू शकते. मातेकडून आलेली रोगप्रतिकारक द्रव्येही त्यास यातूनच लाभतात. तिसरी, श्वसनपटलातील रक्त हळूहळू पिलाच्या शरीरात परत येते आणि पटलाच्या वाहिन्या सुकून जातात.

पोकळीतील हवा थोडी असते. तिच्यात प्राणवायू कमी व कार्बन डाय-ऑक्साइड अधिक होऊ लागला, की पिलू चोचीवरील अंडदंताने कवचास पहिला तडा देते. मानेच्या मागील बाजूस या सुमारास फुगलेला एक स्नायू त्यास या कामी बळ पुरवितो. पहिल्या तड्यानंतर पिलू बहुधा बारा ते चोवीस तास स्वस्थ असते. त्यानंतर ते बोथट टोकाकडून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरत कवच गोलाकार कापते आणि टोपण उघडावे तसा वरचा भाग ढकलून बाहेर येते.

धडपड केल्यानेच पिलू बळकट होते, म्हणून मदत करू नये, असे पुष्कळदा सांगितले जाते. सल्ला योग्य आहे, पण त्याचे कारण चुकीचे दिले जाते. मधल्या तासांत पिलू फारशी धडपड करीतच नाही. बराच काळ ते विसावा घेत असते. त्यास परिश्रमापेक्षा अवधीची गरज असते. रक्त परत येण्यास आणि बलक पोटात जाण्यास जो वेळ लागतो, तो कोणत्याही मदतीने कमी करता येत नाही.

या काळात ऐकू येणारी टिक्‌टिक्‌देखील साहाय्याची हाक नव्हे. तो बहुतांशी फुप्फुसश्वसनाबरोबर होणारा ध्वनी असतो. मार्गारेट व्हिन्स यांनी १९६४ साली आणि त्यानंतर लाव्याच्या जातीतील पक्ष्यांवर केलेल्या निरीक्षणांत असे दिसून आले, की एकमेकांस टेकलेल्या अंड्यांतील पिले अशा ध्वनींच्या योगाने परस्परांचा वेग जुळवून घेतात आणि जवळजवळ एकाच वेळी बाहेर येतात.

उघडलेले अंडे वाचू शकते काय?

कवच दूर झाले म्हणजे सर्व संपले, असे मात्र नाही. भ्रूणविज्ञानाच्या प्रयोगशाळांत अंड्यास लहानशी खिडकी पाडून ती चिकटपट्टीने बंद करतात आणि गर्भाची वाढ पुढे चालू राहते. मार्गारेट पेरी यांनी १९८८ साली एडिंबरो येथे एकपेशी अवस्थेतील कोंबडीचा गर्भ पात्रात व नंतर दुसऱ्या अंड्याच्या कवचात वाढवून त्यातून पिलू निर्माण केले. २०१४ साली ताहारा आणि ओबारा या जपानी संशोधकांनी कवचाऐवजी प्लॅस्टिकच्या पातळ पटलात गर्भ वाढविण्याची रीत प्रसिद्ध केली. त्यांना कवचातील चुन्याऐवजी कॅल्शियमचा क्षार आणि अखेरच्या दिवसांत शुद्ध प्राणवायू पुरवावा लागला. या प्रयोगांवरून एवढे निश्चित होते, की कवचाचे कार्य इतर साधनांनी काही अंशी साधता येते. ऊब, ओलावा, प्राणवायू आणि अखंड रक्तवाहिन्या या चार गोष्टी मात्र टळत नाहीत. पुढील सर्व उपाय या चार गोष्टी सांभाळण्याचेच आहेत.

तत्काळ करावयाचे उपाय

पहिला उपाय म्हणजे थांबणे. रक्त दिसताच पुढचा एकही तुकडा काढू नये. उकळून वाळविलेल्या स्वच्छ कापडाची घडी रक्तस्रावाच्या जागी अगदी हलक्या हाताने काही क्षण टेकवून धरावी. थेंब-दोन थेंबांवर रक्त थांबले तर आशा आहे. ते वाहतच राहिले तर पिलू वाचणे कठीण असते.

त्यानंतर अवस्था ओळखावी. केवळ हवेच्या पोकळीवरील कवच फुटले असेल आणि आतला पांढरा पडदा अखंड असेल, तर हानी थोडी झाली असे समजावे. पिलाने पडदा भेदलेला नसल्यास फुटलेली जागा स्वच्छ चिकटपट्टीने झाकून अंडे यंत्रात परत ठेवावे. चोच पोकळीत आलेली असून श्वास चालू दिसत असेल, तर मात्र जागा पूर्ण बंद करू नये. चोचीसमोर हवेस वाट ठेवावी. पडद्यास कोमट पाण्याचा थेंब लावला असता तो काहीसा पारदर्शक होतो आणि त्यामागील वाहिन्या दिसू लागतात. त्या लाल व भरलेल्या असतील, तर पिलाची वेळ अद्याप आलेली नाही.

वाहिन्या भरलेल्या असताना एकच काम उरते, ते म्हणजे वाट पाहणे. पंखा असलेल्या उबवणी यंत्राचे तापमान ३७.५ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवून हवेतील सापेक्ष आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांपर्यंत वाढवावी. यासाठी पसरट भांड्यात पाणी किंवा ओला स्पंज ठेवणे पुरेसे असते. उघडा पडलेला पडदा वाळला की तो चामड्यासारखा घट्ट होऊन पिलाच्या अंगास आवळून बसतो. म्हणून उकळून कोमट केलेल्या पाण्यात बुडविलेल्या मऊ कुंचल्याने तो अधूनमधून ओलसर करावा, किंवा त्यावर व्हॅसलीनचा अगदी पातळ थर द्यावा. पाणी अथवा व्हॅसलीन नाकपुड्यांत जाऊ देऊ नये. शाबूत कवचावर तेल किंवा व्हॅसलीन चोपडणे अयोग्य होय. त्याने छिद्रे बुजतात. अंड्यातील पिलास पाणी किंवा अन्न भरविण्याचा प्रयत्नही करू नये. त्याचे अन्न बलकाच्या रूपाने त्याच्यापाशी असतेच.

काही तासांनी पुन्हा थेंब लावून पाहावे. वाहिन्या फिकट होऊन दिसेनाशा झाल्या असतील, तर बोथट टोकाच्या बाजूने कवचाचे बारीक तुकडे एकेक करून काढावेत. दर वेळी काम थोडके असावे, आणि ते दोन-चार मिनिटांत संपवून अंडे पुन्हा उबेत ठेवावे. डोके व चोच मोकळी झाली म्हणजे थांबावे. शेवटचा निम्मा भाग पिलाने स्वतःच ढकलून सोडावा, हे इष्ट. कारण बलकाचा कोश त्याच भागात असतो आणि तो आत गेला की नाही, हे बाहेरून कळत नाही.

पिलू बाहेर आले आणि बलकाचा कोश नाभीस लोंबत असलेला दिसला, तर तो ओढू नये, कापू नये, की बोटाने आत ढकलू नये. ओलसर कापडाचे अस्तर दिलेल्या लहान वाटीत पिलास बसवून ती वाटी यंत्रात ठेवावी, म्हणजे त्याची हालचाल मर्यादित राहते. पुष्कळदा कोश काही तासांत किंवा एका दिवसात आत ओढला जातो. नाभी ओली किंवा उघडी राहिल्यास तेथे पोव्हिडोन आयोडीनचा थेंब लावावा. कोश फुटला असल्यास पिलू बहुधा वाचत नाही.

जन्मानंतरची शुश्रूषा

अशा पिलास पिसे पूर्ण वाळेपर्यंत यंत्रातच राहू द्यावे. नंतर त्यास सुमारे ३५ अंश उबेच्या जागी हलवावे आणि ही ऊब दर आठवड्यास साधारण तीन अंशांनी कमी करावी. प्रथम कोमट पाणी दाखवावे, मग बारीक खाद्य. पाय दोन्ही बाजूंस फाकत असतील, तर गुळगुळीत कागदाऐवजी खरखरीत कापड अंथरावे, आणि दोन्ही पाय शरीराखाली राहतील इतके अंतर ठेवून मऊ पट्टीने ते एकमेकांस काही दिवस सैल जोडावेत. सशक्त भावंडे दुर्बल पिलास टोचतात, तेव्हा आरंभी त्यास जाळीआड पण त्यांच्या दृष्टीसमोर ठेवावे. हाताळण्यापूर्वी व नंतर साबणाने हात धुणे आवश्यक आहे. साल्मोनेला जंतूंचा संसर्ग पिलांकडून माणसास होऊ शकतो.

मदत केव्हा करावी?

मदत कधीच करू नये, असाही याचा अर्थ नाही. चोच बोथट टोकाऐवजी निमुळत्या टोकाकडे वळलेली असल्यास पिलास हवेची पोकळी सापडत नाही. यंत्राचे झाकण वारंवार उघडल्याने ओलावा उडून पडदा पिवळसर व कोरडा पडल्यास पिलू जागच्या जागी आवळले जाते. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात या दुसऱ्या प्रकाराकडे विशेष लक्ष पुरविले पाहिजे. उलट कोकणातील पावसाळ्यात अंड्यातील पाणी पुरेसे बाहेर पडत नाही. पोकळी लहान राहते आणि पिलू द्रवातच गुदमरण्याचा संभव असतो. पहिल्या तड्यानंतर चोवीस तास उलटूनही काम पुढे सरकले नसेल, पडदा वाळलेला असेल आणि वाहिन्या रिकाम्या असतील, तर वर सांगितलेल्या रीतीने साहाय्य करणे योग्यच ठरते. केवळ घड्याळ पाहून हा निर्णय घेऊ नये. वाहिन्या पाहून घ्यावा.

खुडूक कोंबडी अंड्यांवर बसलेली असते तेव्हा ती यांपैकी काहीच करीत नाही. ती ऊब देते, अंगाखालचा ओलावा राखते आणि सहसा जागची हलत नाही. उबवणी यंत्रापाशी बसलेल्या माणसाने तिच्याकडून घ्यावयाचा धडा एवढाच, की यंत्राचे झाकण बंद ठेवणे हेदेखील शुश्रूषेचेच एक अंग आहे. तो धडा विसरला गेला आणि कवच अकाली उघडले गेले, तरी हातपाय गाळण्याचे कारण नाही. तेथेच थांबावे, पडदा ओला व अंडे उबदार ठेवावे, आणि आतील रक्त आपल्या ठिकाणी परतेपर्यंत पिलास त्याचा अवधी द्यावा. सगळीच पिले अशाने वाचत नाहीत. पण जी वाचतात, त्यांतील पुष्कळ या संयमामुळेच वाचतात.